बेबीताईचा कोरा फोटो

बेबीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी माझ्या चष्म्याच्या दुकानात एका आजोबांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत होतो. ‘ही बरी, का ही बरी?’ हे वाक्य मी गेली तीस वर्षं म्हणत आलोय, झोपेतसुद्धा म्हणतो असं मंदाचं, म्हणजे माझ्या बायकोचं, म्हणणं आहे. फोन अमरावतीहून रूपालीचा होता. रूपाली ताईची विद्यार्थिनी, आता त्याच कॉलेजात शिकवते आणि मला मामा म्हणते. “मामा, मॅडम गेल्या. सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसल्या, आणि तशाच…” मी “बरं” म्हणालो. खरंच एवढंच म्हणालो. फोन ठेवून आजोबांना पुन्हा विचारलं, ही बरी, का ही? ते म्हणाले, “दोन्हीतून सारखंच दिसते, भाऊ.” त्यांना मी दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं, शटर अर्धं ओढलं, आणि अकोल्याच्या जठारपेठेतल्या भर दुपारच्या गोंगाटात बराच वेळ चाचणीच्या खुर्चीवर स्वतःच बसून राहिलो.

ताई माझी सख्खी मामेबहीण, आठ वर्षांनी मोठी. आम्ही सोडून तिला कुणी बेबी म्हणत नसे. कॉलेजात ती मॅडम होती, कागदोपत्री डॉक्टर होती, आणि हिवरखेडच्या आमच्या मामाच्या, म्हणजे तिच्या वडिलांच्या, मते ती ‘उजेडावर काहीतरी करते’ अशी होती. मामाचं म्हणणं अगदी बरोबर होतं. तिनं आयुष्यभर प्रकाशावरच काम केलं, आणि तेही असं की ज्यामुळे माझं दुकान बंद पडावं. भिंगाशिवाय फोटो कसा काढायचा, हा तिचा विषय. भाऊ भिंगं विकून पोट भरतो आणि बहीण भिंगाची गरजच नाही हे सिद्ध करते, अशी आमची विभागणी होती. लग्नाकार्यात ती माझी ओळख करून द्यायची, “हा दिनू. आमच्या विरोधी पक्षाचा.”

हा लेख मी लिहायला घेतला त्याला कारण तिच्या कॉलेजातली शोकसभा. तिथं सगळेच चांगलं बोलले. मग एक वयस्क प्राध्यापक उठले. मनानं सज्जन माणूस. ते म्हणाले, “संशोधनात मॅडमच्या हातून एकदा एक चूक झाली. पण ती त्यांनी स्वतः जाहीर केली, छापायला घेतलेला निबंध परत मागवला. एवढं मोठं मन कुणाचं असतं?” लोकांनी माना हलवल्या. मी दुसऱ्या रांगेत बसलो होतो. त्या सभागृहात ती चूक नेमकी कुणाच्या हातून झाली हे ठाऊक असलेली दोनच माणसं होती, मी आणि माझ्या शेजारी बसलेली मंदा. मंदानं माझ्याकडे पाहिलं. उठून सांगायला पाहिजे होतं. उठलो नाही. घरी येताना बसमध्ये मी मंदाला सांगितलं की, पाय पुढच्या खुर्चीत अडकला होता. ती म्हणाली, “दहा वर्षांपासून अडकलेला आहे तुमचा पाय.”

तर आता सांगतो. पण त्याआधी ताईचं काम काय होतं ते सांगणं भाग आहे, आणि ते मला जेवढं कळलं तेवढंच सांगता येईल.

मामाचा हिवरखेडला फुलांचा आणि भाजीपाल्याचा मळा. शेवंती, झेंडू, वांगी, टमाटे. मळ्यात एक सिमेंटचा हौद होता. मी सात-आठ वर्षांचा असेन, ताई कॉलेजात गेली होती. तिनं हौदाच्या मधोमध दोन काठ्या उभ्या केल्या, मला कडेला बसवलं आणि म्हणाली, “काठ्यांकडं पाहू नको. या कडेला लाटा कशा येऊन राहिल्या तेवढ्याच पाह्य, अन् सांग काठ्या कुठं आहेत.” आणि दुसऱ्या टोकाला पाण्यावर हात आपटत राहिली. लाटा काठ्यांपाशी येत, वळसा घालत, पसरत, एकमेकींत मिसळत आणि माझ्यासमोरच्या कडेवर कुठे उंच तर कुठे अगदी सपाट होत. मी डोळ्यांवर ताण देऊन पाहिलं आणि सांगितलं, “ताई, काठ्या हौदात आहेत.” त्यानंतर तिनं मला विज्ञान शिकवायचा नाद सोडला असावा.

प्रकाशही तसाच वळतो, हे तिनं मला पुढे सांगितलं. बारीक वस्तूला चाटून गेला की पसरतो. याला विवर्तन म्हणतात. वस्तूच्या मागे पडदा धरला की त्यावर वस्तू दिसत नाही, नुसती वर्तुळात वर्तुळं दिसतात. भिंग काय करतं, तर तो पसरलेला प्रकाश गोळा करून पुन्हा चित्र जुळवतं. ताईचं म्हणणं असं की, भिंगाला मध्ये आणायचंच नाही. ती वर्तुळंच टिपायची आणि गणितानं उलटं चालत वस्तूपर्यंत जायचं. अडचण एकच. पडद्यावर प्रकाश किती पडला ते कळतं, पण त्या लाटा कुठल्या टप्प्यावर होत्या, चढत होत्या की उतरत होत्या, ते कळत नाही. अर्धी माहिती वाटेतच हरवते. मग कॉम्प्युटरनं अंदाज बांधायचा, तो ताडून पाहायचा, चुकला तेवढा सुधारायचा, पुन्हा ताडायचा, असं शेकडो वेळा. “यात भेव एकाच गोष्टीचं,” ती म्हणायची, “आपल्याले जे पाहायचं असते, तेच एखाद्या वेळी समोर येऊन बसते.”

सामान मात्र अगदी साधं. एक लेझर, पत्र्याला पाडलेलं सुईच्या टोकाएवढं भोक, आणि कॅमेऱ्याची आतली चकती, जिच्यावर फोटो उमटतो ती. सगळं एका मिठाईच्या डब्यात, आतून काळा रंग दिलेल्या. स्वस्तातले कॅमेरे ती माझ्याकडे अकोल्याला आणायची, कारण स्क्रू काढायचे बारीक पेचकस माझ्याकडे. मी त्यांची भिंगं काढून द्यायचो. गिऱ्हाईक समोर असलं की ती मुद्दाम म्हणायची, “लोकाइले लावतं, मले काढून देतं. माह्यावरच काहून राग रे तुहा?”

या डब्यातून तिला काय पाहायचं होतं? तर शेवंतीच्या पानावरची बुरशी. पानावर डाग दिसेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून मामा दरवर्षी अंदाजानंच फवारे मारायचा. फवारा मारल्यावर पानावरचे बुरशीचे बीजाणू मेले की जिवंत आहेत, हे मळ्यातच, स्वस्तात कळलं तर निम्मे फवारे वाचतील असं तिच्या डोक्यात होतं. मामा तिला दर फोनला विचारायचा, “मारू का नको मारू?” आणि ती म्हणायची, “थांबा बाबा, अजून मलेच माहीत नाही.”

आता त्या रविवारावर येतो. आदल्या दिवशी, शनिवारी, ताईनं फवारा मारलेली पानं तपासली होती. रविवारी न फवारलेली तपासायची होती. मी एक भिंग काढलेला कॅमेरा आणि मंदानं केलेली पातोडीची भाजी घेऊन अमरावतीला गेलो. कॉलेज बंद, लॅबमध्ये ती एकटी. मला बसवून ती शिपायाकडून कसली तरी किल्ली आणायला गेली. मी बसलो. समोर टेबलावर डबा उघडा होता आणि कॅमेऱ्याच्या चकतीवरची काच… ती काच इतकी मळकट होती की मला पाहवेना.

माझी ही सवय घरी-दारी सगळ्यांना माहीत आहे. काच दिसली की मी पुसतो. लग्नात पंगतीला बसलो की शेजारच्या माणसाच्या नाकावरून चष्मा उतरवून, पुसून, पुन्हा चढवून देतो, मग माझी वरण-भाताला सुरुवात होते. मंदाच्या माहेरच्यांनी मला पसंत केलं ते या गुणामुळे, आणि वर्षभरात ते याच गुणाला कंटाळले. तर मी खिशातून दुकानचा कपडा काढला, काचेवर ‘हाऽ’ करून फुंकर घातली आणि छान गोल गोल पुसली. काच चकचकीत झाली. ताई आली, तिनं पानांचे नमुने ठेवले, फोटो काढले. मी काही बोललो नाही. यात बोलण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. आम्ही भाजी खाल्ली आणि मी संध्याकाळच्या बसनं परत आलो.

मी काय करून ठेवलं होतं ते नीट सांगायला हवं. काच कितीही पुसा, तिच्यावर धूळ असतेच, आणि लेझरच्या उजेडात धुळीच्या कणाचीही वर्तुळं उमटतात. म्हणून ताई आधी नमुना न ठेवता एक फोटो काढायची. त्याला ती कोरा फोटो म्हणायची. मग नमुना ठेवून दुसरा. दुसऱ्यातून कोरा वजा केला की धूळ जाते, उरतो तो फक्त नमुना. त्या आठवड्याचा कोरा फोटो तिनं शनिवारी सकाळीच काढून ठेवला होता. रविवारी मी धूळ पुसून टाकली. कॉम्प्युटर मात्र इमानेइतबारे ती धूळ वजा करत राहिला, आणि जी धूळ तिथं नव्हतीच तिची भुतं फोटोत आली. बारीक बारीक ठिपके. शनिवारच्या, फवारलेल्या पानांच्या बीजाणूंमध्ये ठिपके नाहीत. रविवारच्या, न फवारलेल्यांमध्ये आहेत. म्हणजे ठिपका असला की जिवंत, नसला की मेलेला. इतकं स्वच्छ उत्तर तिला वीस वर्षांत मिळालं नव्हतं.

तोवर शेवंतीचा हंगाम संपत आला होता, ताजी पानं मिळेनात. तिनं उन्हाळ्यात निबंध लिहिला, परदेशातल्या एका नियतकालिकानं तो पावसाळ्यात स्वीकारला. त्याच वर्षी तिची प्रोफेसरपदाची मुलाखत होती आणि या निबंधाचं त्यात वजन होतं. हिवरखेडला मामानं गावात सगळ्यांना सांगितलं की, पोरीनं बुरशीचा जीव पाहिला. मीही दुकानात येईल त्याला सांगायचो, वर “त्या कॅमेऱ्याचं भिंग मीच काढलं” हेही जोडायचो.

पुढच्या हंगामात नवी पानं आली, ताईनं नव्यानं फोटो काढले, आणि ठिपके गायब. एकाही बीजाणूत नाहीत. तिनं आठवडाभर पुन्हा पुन्हा केलं. मग एका दुपारी तिचा फोन आला. “दिनू, मागच्या साली तू रविवारी आल्ता ना पातोडी घेऊन, तवा तू काचेले हात लावला होता का?”

मी “नाही” म्हणालो.

का म्हणालो, याचा विचार मी दहा वर्षं केलाय. तिच्या आवाजावरून काहीतरी मोठं बिघडलंय एवढं मला कळलं होतं, आणि चोपन्न वर्षांच्या आजच्या या माणसाला जेवढी अक्कल आहे त्याहून त्या चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला फार कमी नव्हती. तरी “नाही ताई, मी कशाले लावू?” असं मी म्हटलं. तिनं “बरं” म्हटलं. आणि माझ्या शब्दावर तिनं ते कारण वहीतून खोडून टाकलं. पुढचे दोन महिने ती दुसरी कारणं शोधत राहिली. लेझर बदलला, भोक नव्यानं पाडलं, गणित पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिलं. नियतकालिकाला थोडं थांबायला सांगितलं.

मग एक दिवस ती न कळवता अकोल्याला दुकानात आली आणि चाचणीच्या खुर्चीत बसली. “डोळे तपास माहे,” म्हणाली. मी काचा लावल्या. शेवटची ओळ वाचायला सांगितली. तिनं भराभर वाचली. नंबर तोच होता, पावानंही बदलला नव्हता. मी तसं सांगितलं.

“मंग डोळे चांगले आहेत?”

“चांगले आहेत.”

“मंग डोकंच गेलं असन,” ती म्हणाली. यात विनोद नव्हता. ती खरंच तशा शंकेत होती, आणि अगदी साध्या आवाजात, पालकाची जुडी महाग झाली असं म्हणावं तसं, तिनं ते म्हटलं. चाचणीची चौकट अजून तिच्या नाकावर होती. मी म्हणालो, “ताई, मी पुसली होती काच.”

मला वाटलं, आता उठेल आणि निघून जाईल. तिनं चौकट काढून टेबलावर ठेवली आणि विचारलं, “कोन्त्या कपड्यानं?”

मी कपडा दाखवला.

“कोरड्या का ओल्या?”

“हा करून… वाफेनं.”

“मी किल्ली आणाले गेली तवा? म्हणजे नमुना ठेवायच्या आधी?”

“हो.”

“गोल पुसली का आडवी?”

“गोल.”

तिनं हे सगळं पर्समधल्या कागदावर लिहून घेतलं. मग कपडा घडी करून पर्समध्ये टाकला. आणि मग, आता शास्त्रज्ञाचं काम आटोपलं म्हणून बहिणीचं, असं म्हणावं तसं, वर पाहून म्हणाली, “लेका, दोन महिने तुह्या तोंडाले कुलूप होतं का?” मी चौकटीतल्या काचा काढून ठेवू लागलो. “फोनवर हो म्हटलं असतं तं मी काय तुले खाल्लं असतं का बाप्पा?” एवढंच. चहासुद्धा घेतला तिनं.

दोन दिवसांनी फोन आला. पहिला शब्द, “आले.”

“काय आलं?”

“ठिपके. काच मळवली, कोरा फोटो काढला, तुह्या कपड्यानं पुसली. सारेच्या सारे आले.” आवाजात चक्क आनंद होता. कारण सापडल्याचा. मी म्हटलं, मग आता निबंधाचं काय? कुणाला कळणार आहे? हेही मी म्हटलं, लपवत नाही. ती म्हणाली, “बाबाइले कळन. उद्या हा डबा मळ्यात नेऊन बाबा ठिपके पाहून ठरवतीन, फवारा मारू का नको. तुह्या धुळीवर शेवंती सोडू का मी?”

तिनं निबंध परत मागवला. त्या पत्रात लिहिलं की, कोरा फोटो आणि नमुन्याचा फोटो यांच्या मधल्या काळात काच पुसली गेली, आणि ‘ही चूक माझी आहे’. माझं नाव घाल, असं मी दोनदा सांगितलं. “काच माही, लॅब माही, दार उघडं टाकून मी गेली. तू कोण?” असं म्हणून तिनं फोन ठेवला. त्या वर्षी ती प्रोफेसर झाली नाही. पुढे तीन-चार वर्षांनी झाली. डबा नीट चालला, पण बीजाणू किती आहेत तेवढंच सांगू लागला. जिवंत की मेलेले, ते शेवटपर्यंत सांगू शकला नाही. मामाला तेवढंही पुरलं. ताईला नाही. निवृत्त झाल्यावरही ती रोज लॅबला जायची ती त्याचसाठी. मी मात्र त्यानंतर त्या लॅबमध्ये पाऊल ठेवलं नाही. अमरावतीला गेलो की तिच्या घरी, फार तर कॉलेजच्या फाटकापर्यंत. कॅमेरे दुकानातच द्यायचो. ती “आत ये ना” म्हणायची, मी बस चुकेल म्हणायचो.

शोकसभेनंतर पंधरा दिवसांनी मंदानंच मला बसमध्ये बसवून दिलं. लॅब आता रूपालीकडे आहे. मी दारातच उभा राहून, तिनं बसा म्हणायच्या आत, पाठ केल्यासारखं सगळं सांगून टाकलं. ती काच मी पुसली होती, मॅडमची चूक नव्हती, तुम्ही हे कुठंतरी लिहा, माझ्या नावासकट. रूपालीनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, “म्हणजे ते रुमालवाले मामा तुम्हीच?”

मला कळेना. ती म्हणाली, दरवर्षी नवीन मुलं लॅबमध्ये आली की मॅडम पहिल्या दिवशी हीच गोष्ट सांगायच्या. एक माणूस होता, काच दिसली की पुसायचा… हे सांगताना स्वतःच हसायच्या. नाव कधी सांगितलं नाही. आणि गोष्ट झाली की विचारायच्या, चूक कुणाची? मुलं म्हणायची, त्या माणसाची. मग मॅडम म्हणायच्या, “चष्मेवाला काच पुसणारच. मी नंतर दुसरा कोरा फोटो काढला असता तं त्याच दिवशी समजलं असतं. काढला नाही. चूक माही.” तेव्हापासून या लॅबमध्ये नमुन्याच्या आधी एक आणि नंतर एक, असे दोन कोरे फोटो काढल्याशिवाय कुणी खुर्चीवरून उठत नाही, असं रूपाली म्हणाली.

म्हणजे मी दहा वर्षं जी गोष्ट छातीशी धरून बसलो होतो, ती इथं दर जूनमध्ये मोठ्यानं सांगितली जात होती, आणि तिच्यातली चूक काही केल्या माझ्या वाट्याला येत नव्हती. मी खुर्चीवर बसलो. रूपालीनं पाणी दिलं.

थोड्या वेळानं ती म्हणाली, “मामा, आलाच आहात तर एक काम करता? आठ दिवस हे सगळं झाकून होतं, काचेवर धूळ बसली आहे. पुसायच्या आधीचा कोरा फोटो मी काढलाय. तुम्ही पुसून द्या.”

तिनं चकतीवरची काच काढून माझ्या हातात दिली. खिशात कपडा होता, तो असतोच. मी फुंकर घातली, पुसली, उजेडाकडे तिरकी धरून पाहिली, एका कोपऱ्याला पुन्हा पुसली आणि तिच्या हाती दिली. तिनं काच जागेवर बसवली, डबा बंद केला, कॉम्प्युटरवर बोट दाबलं. पडद्यावर करडा चौकोन आला. कडेला दोन फिकट वर्तुळं होती, बाकी काही नव्हतं.

“आला चांगला,” रूपाली म्हणाली. तिनं त्यावर तारीख घातली, ‘पुसल्यानंतर’ असं लिहिलं, मला पूर्ण नाव विचारलं आणि तेही लिहिलं.